भाऊजींच्या झोपड्या

दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते. मी शाळेतून येऊन तांदूळ निवडायला बसले होते, आणि दारात भाऊजींच्या ऑफिसचा शिपाई येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तर येईना, पाणी देते म्हटलं तर नको म्हणाला, नुसता टोपी हातात धरून चाळीच्या कठड्याकडे बघत राहिला... आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की, भाऊजींना शेवटी पोलिसांनी धरलं. मी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या चौकीवर आहेत?" त्या बिचाऱ्याला काही उमगेना. "चौकीवर नाही, बाई," तो म्हणाला. "टेबलाशी बसल्याबसल्या गेले. नकाशावर डोकं टेकलं ते उचललंच नाही." सूप पायाशी होतं, त्याला माझा धक्का लागून तांदूळ सगळीकडे पसरले आणि शिपाई खाली बसून ते गोळा करू लागला.

सदानंद, माझे धाकटे दीर. आमच्या ह्यांचे एकुलते एक भाऊ. पाण्याच्या खात्यात नळांचे आणि तलावांचे नकाशे काढायचं काम करत. लग्न केलं नाही. मूळचे आम्ही मालवणकडचे, पण ह्यांची गिरणी बंद पडल्यावर गिरणगावातली खोली सोडून कांदिवलीला रुळांच्या पूर्वेला चाळीत राहायला आलो. इथून डोंगर दिसतो. भाऊजी पहिल्या दिवशी गॅलरीत उभे राहून त्या डोंगराकडे बराच वेळ बघत होते, आणि मी सामान लावता लावता मनात म्हटलं, ह्या माणसाला हातभार लावायचा नाहीये, म्हणून डोंगर बघतोय. तसा माझा स्वभावच आहे. पण भाऊजींपुढे मी काहीच नव्हे.

काय सांगू त्यांच्या संशयाबद्दल! गवळ्याने दूध घातलं की बोट बुडवून बघणार. वर्तमानपत्रात काही वाचलं की "असं ते म्हणतात" एवढंच बोलणार. नव्या डॉक्टरकडे गेले की आधी न दुखणारा पाय पुढे करायचे. डॉक्टरने त्या पायावर औषध दिलं की तिथून उठून यायचे ते पुन्हा त्याचं तोंड बघायचे नाहीत. एका डॉक्टरने मात्र पाय दाबून बघितला आणि "ह्याला काही झालेलं नाही, दुसरा दाखवा" म्हणून खेकसला. मरेपर्यंत त्याच्याशिवाय कुणाकडे गेले नाहीत. मी नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हा मलाही सोडलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या गावाशेजारी कुंभारवळी म्हणान गाव आसा मां? थय आमचो एक सोयरो रव्हता." मी म्हटलं, "नाय ओ. असलो गाव मी काय ऐकूक नाय." त्यांनी मान हलवली आणि गेले. नंतर ह्यांच्याकडून कळलं की असं गावच नाही. सासरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून नवी सून हो ला हो करते की काय, ते त्यांना बघायचं होतं. "बाई खरी आसा," असं त्यांनी ह्यांना सांगितलं म्हणे. मला राग आला होता, आणि आतून बरंही वाटलं होतं.

कांदिवलीला आल्यावर भाऊजींचे रविवार बदलले. पहाटे उठायचे, माझ्याकडून भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घ्यायचे, खांद्याला पिशवी लावायची की निघाले डोंगराकडे. तिन्हीसांजेला परत. पँटीचे गुडघे लाल, नखांत माती. कुठे जाता विचारलं की "वर" म्हणायचे. काय करता विचारलं की "बघतंय" म्हणायचे. आता तिशी ओलांडलेला बिनलग्नाचा पुरुष दर रविवारी न चुकता कुठे जातो, ह्याचं उत्तर कुठलीही वहिनी जे देईल तेच मी मनाशी दिलं. डोंगराच्या पायथ्याला पाडे होते, पलीकडे गावठाणं होती, माणसं राहतातच. मी कपडे धुताना खिसे बघायची. खिशांत दगडाच्या कपच्या आणि खापरांचे तुकडे निघायचे. कुणी बाई एखाद्याला खापरं देत नाही, हे मला कळत होतं, पण माणूस हुशार आहे, मुद्दाम ठेवत असेल, असंही वाटायचं.

चाळीचे संशय निराळे होते. दारूबंदीचे दिवस. डोंगरातल्या ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दर रविवारी रिकामी पिशवी घेऊन वर जाऊन भरलेली पिशवी घेऊन खाली येणारा माणूस म्हणजे काय हेही सगळ्यांना कळत होतं. आमच्या शेजारच्या बाईंनी तर एकदा मला हळूच विचारलं, औषधापुरती मिळेल का. उलट पायथ्याच्या गावठाणातल्या लोकांना ते पोलिसांचे खबरे वाटायचे. आणि म्हाताऱ्या माणसांना आणखीच तिसरं वाटायचं. तिकडे मरोळच्या अंगाला सरकारने कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या होत्या, मधला डोंगर दुधाच्या म्हशींसाठी घेतला होता, त्यामुळे हातात फीत आणि दोरी असलेला माणूस दिसला की तो जमीन घ्यायला आलाय असंच ती धरून चालायची. एकदा कुणीतरी त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. घरी आले ते पोटरी बांधून. मी म्हटलं, "भाऊजी, एकदा काय ते सांगून टाका ना लोकांना." तर म्हणाले, "सांगितला तर ते विश्वास ठेवतीत?"

आम्हाला मात्र त्यांनी पुढे एकदा सांगितलं. पावसाळा होता, रविवार असून घरी अडकले होते. चहा घेता घेता सहज म्हणाले की, वर माळावर झोपड्या आहेत. ह्यांनी विचारलं, कोणाच्या, कातकऱ्यांच्या? "नाय. लोखंड येवच्या आधीच्यो." मग बोलायला लागले ते थांबेनात. त्या डोंगराच्या ओढ्यांत कुणा गोऱ्या साहेबाला फार पूर्वी दगडाची हत्यारं सापडली होती, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. हत्यारं आहेत तर हत्यारवाले राहत कुठे होते, एवढाच त्यांचा प्रश्न. ओढ्यात माणूस राहत नाही. माणूस वर राहतो, वारा लागतो तिथे, खालचं दिसतं तिथे. म्हणून ते वर वर जात राहिले आणि एका माळावर त्यांना दगडांची गोल कोंडाळी दिसली, मुरमात खांबांचे खड्डे दिसले. उठले, ट्रंकेचं कुलूप काढलं आणि भाजलेल्या मातीचा एक गोळा माझ्या हातात दिला. त्याच्या एका अंगाला उभ्या काड्यांचे ठसे होते. मी म्हटलं, "हा तर कूड आहे. आमच्या गोठ्याच्या कुडाचं लिंपण पडलं तरी असंच दिसेल." कारवीच्या काड्या उभ्या बांधून वर माती लिंपली की झाला कूड, कोकणातल्या पोरालाही कळतं. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तेच तर म्हणतंय मी, वहिनी. तसोच कूड." इतके खूश झालेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. मला ते आवडलं, आणि लगेच मनात पाल चुकचुकली की, गोठ्याचा तुकडा उचलून आणला नसेल कशावरून?

पुढच्या उन्हाळ्यात चाळीतल्या बायकांबरोबर मी करवंदांना म्हणून वर गेले. करवंदं हे निमित्त. बायका जाळ्यांत गुंतल्या, आणि मी ओढ्याच्या कडेने भाऊजींच्या पायवाटेने वर चढले. वाट एका ठिकाणी फुटते. डावीकडून बोलणं ऐकू आलं म्हणून डावीकडे गेले आणि झाडाआड थांबले. भाऊजी होते आणि त्यांच्याबरोबर गावठाणातला एक किरिस्ताव माणूस, मानवेल. (हे त्याचं खरं नाव नाही. हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीत द्यायचा आहे, आणि पुरवणी पोलीसही वाचत असतील.) दोघं ओढ्यातून दगड उचलून आणत होते आणि गोलात मांडत होते. भाऊजी एक दगड ठेवायचे, मागे सरकून बघायचे, पायाने थोडा आत ढकलायचे, पुन्हा बघायचे. घामाने निथळत होते. एवढ्या प्रेमाने तर मी कधी रांगोळी काढली नाही.

मी आल्या पावली परतले. करवंदांची टोपली घरी आणली तेव्हा अर्धीही भरली नव्हती. रात्री ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगो, दगडच उचलता मां? उचलूंदे. कोणाचा काय चोरणा नाय." ह्यांना काय, भाऊ तो भाऊ. पण माझं मन उडालं. बाई असती तर मी रागावले असते आणि मग लग्नाची बोलणी केली असती. दारू असती तर भांडले असते. पण ज्या माणसाला जगातल्या प्रत्येकाचा खोटेपणा सहन होत नाही, तो स्वतः डोंगरावर बसून हजारो वर्षांपूर्वीची झोपडी बनवतो? त्या दिवसापासून भाऊजी झोपड्यांविषयी बोलायला लागले की मी आतल्या खोलीत जायची.

त्यानंतरच्या थंडीत त्यांनी शहरातल्या एका विद्वान गृहस्थांना बोलावलं. नाव सांगत नाही, माणूस सज्जन होता. जुन्या वस्त्यांवर त्यांनी बरंच काम केलं होतं म्हणे. भाऊजींनी आधी त्यांचे लेख मिळवून वाचले, त्यांची दोन व्याख्यानं मागच्या रांगेत बसून ऐकली, आणि मग कुठे निमंत्रण दिलं. गृहस्थ रविवारी सकाळी आले, कॅनव्हासचे बूट घालून. पोहे खाल्ले, माझ्या हातच्या चवीची स्तुती केली, आणि तिघंजण वर गेले. हे दोघं भाऊ आणि पाहुणे. मी कोंबडी-वड्यांचा बेत केला होता, संध्याकाळ होईल असं धरून. ती माणसं दुपार व्हायच्या आत परत आली. वडे तळून व्हायचे होते.

पाहुणे हसत होते, पण ते हसणं बरं नव्हतं. हात धुता धुता मला म्हणाले, "आपल्या दीरांच्या आदिमानवांना नवसागराचा उपयोग माहीत होता, वहिनी. ही मोठीच माहिती म्हणायची." झालं होतं असं की, भाऊजींनी त्यांना एका कोंडाळ्यापाशी नेलं, मधली चूल दाखवली, आणि चुलीमागच्या दगडाआड नवसागराचा डबा निघाला. दारूच्या भट्टीत घालतात तो. पाहुण्यांनी डबा उचलून उन्हात धरला, वास घेतला आणि खाली ठेवला. हे म्हणाले, तरी सदानंद "पुढे चला, अजून आहेत" म्हणून मागे लागला होता, पण पाहुण्यांनी "एक दाखवलंत तेवढं पुरे" म्हणून पाठ फिरवली. पाहुणे चांगले जेवले, स्टेशनवर गेले. त्या आठवड्यात सबंध चाळीने पोट धरून हसून घेतलं. भाऊजींना मुलं "भट्टीवाले काका" म्हणायला लागली.

मला हसू आलं नाही. मी वाट बघत होते की आता तरी हा माणूस शरमेल, काहीतरी बोलेल. ते पानावर बसून एक एक वडा मोडून खात होते आणि चेहऱ्यावर शरम म्हणाल तर अजिबात नव्हती. उलट पाहुण्यांनाच तोलून बघितल्यासारखा चेहरा, आणि मग एकदम कसलीतरी फार मोठी गोष्ट हातून सुटल्यासारखा. मला वाटलं, चोरी सापडलेला माणूस असाच दिसत असेल.

त्यानंतर त्यांनी कुणालाही बोलावलं नाही. रविवार चालूच राहिले. भाकरी मी बांधून देत राहिले, ते घेऊन जात राहिले. आमच्यात भांडण झालं नाही, अबोला नव्हता, पण गोळा हातात देऊन "तसोच कूड" म्हणणारे भाऊजी मला पुन्हा भेटले नाहीत. कधी कधी ते चहाचा कप घेऊन माझ्याकडे बघत बसायचे, मी विचारायची, "काय हवंय?" तर "काय नाय" म्हणायचे. मला आता वाटतं, ते बघत होते की मला काय माहीत आहे. मी पण तेच बघत होते. एका छपराखाली दोन संशयी माणसं असली की घर फार शांत असतं.

भाऊजी गेले त्याच्या बाराव्यानंतर मानवेल आला. काळा कोट घालून, केस चापून बसवून. पायरीवरच बसला, कितीही म्हटलं तरी वर आला नाही. डोळे पुसून म्हणाला, "बाय, एकदा वर चल माझ्यासंगात. सदानंदानं सांगून ठेवलंय. मी गेलो तर वैनीला घेऊन जा म्हनून."

मला जायचं नव्हतं. ज्या खोट्या कोंडाळ्याने हा माणूस हास्यास्पद झाला, ते बघून मी काय करणार? पण मेलेल्या माणसाचा निरोप, नाही कसं म्हणायचं. पुढच्या रविवारी हे, मी आणि मानवेल निघालो. गवत पिवळं पडलं होतं, पळसांची पानं सुकत चालली होती. वाट फुटते तिथून मानवेल डावीकडे वळला. तेच झाड, तोच ओढा. कोंडाळं अजून होतं, मधे चूल, काळी राख. मानवेल बाजूला उभा राहिला, हात पाठीमागे बांधून, आणि म्हणाला, "ही बघ बाय. सदानंदाची झोपडी. लय जुनी. पांडवांच्या पन आधीची."

माझ्या डोळ्यांसमोर भाऊजींचा घामाघूम चेहरा आला. गेलेलं माणूस, बारा दिवसांचं सुतक नुकतंच फिटलेलं, दोन चांगले शब्द बोलून हात जोडले असते तर माझं काय जात होतं? पण माझ्याच्याने ते होईना. मी म्हटलं, "मानवेल, हे खोटं आहे. तुम्ही दोघांनी हे दगड ओढ्यातून आणून मांडलेत, मी ह्या झाडामागे उभी राहून बघितलंय. गेलेल्या माणसाच्या नावावर आता तरी खोटं बोलू नका."

मानवेलचं तोंड असं उजळलं की मला वाटलं ह्याला काही झालं की काय. त्याने छातीवर क्रूस केला आणि मोठ्याने हसायला लागला, हसता हसता रडायला लागला. "पास झाली," तो ह्यांना म्हणाला. "आयच्यान, बाय पास झाली! तो म्हनलेला, मानवेल, वैनीला आदी खालची दाखव. वा वा केलं तर तशीच घरी पोचव. खोटी म्हनाली तर मग वर ने."

मग सगळं बाहेर आलं. वर चढता चढता तो सांगत होता, धापा टाकत. भट्टी त्याचीच. लग्नांना, सणांना, नामकरणाला त्यांच्यात दारू लागतेच, आणि सरकारने बंदी केली म्हणून सण थांबत नाहीत. चुलीला दगड हवेत म्हणून तो आणि त्याचे भाऊ वरच्या माळावरचे दगड उपटून आणायचे. भाऊजींनी त्याला एकदा दगड उपटताना धरला. मानवेलला वाटलं, आता हा पोलिसांत देणार. भाऊजींना वाटलं, आता हा आपल्याला इथेच पुरणार. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे राहिले म्हणे. मग भाऊजी म्हणाले, तुला चूलच हवी ना, मी तुला ओढ्याजवळ आयती मांडून देतो, वारा आडेल असं कोंडाळं करून देतो, पण वरच्या दगडांना हात लावायचा नाही. त्या करारावर दोघांची दोस्ती झाली. मी झाडाआडून बघितलं ते हे.

"मग त्या पाहुण्यांना इथे का आणलं?" मी विचारलं.

"पारखायला," मानवेल म्हणाला. "सदानंद बोलला, शहरातला मानूस, नावाला भुकेला असंल तर दगड बघून लगेच वा वा करंल, पेपरात छापंल, वरच्या झोपड्यांची वाट लावंल. खोटी म्हनाला तर मानूस खरा, मग त्याला वर न्यायचं. ठरलेलं तसं. मी आदल्या दिशी सगळं साफ केलेलं. डबा तेवढा दगडाआड राहिला." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तो मानूस खरा होता, बाय. आल्या आल्या वळखलं त्यानं. पन डबा बघून त्याला वाटलं, आपली मस्करी केली."

मी वाटेतल्या दगडावर बसले. परीक्षा घ्यायची काय ही खोड! एक माणूस खरा निघाला, तर त्याचा भाऊजींवरचा विश्वास उडाला. आणि तोंड उघडून सांगायचं तर मानवेल पोलिसांच्या हाती सापडणार, म्हणून वर्षानुवर्षं भट्टीवाले काका म्हणवून घेतलं. मला चीड आली, ह्यांच्यासमोर मी भाऊजींना नको नको ते बोलले. भाऊजी, एक शब्द मला बोलला असतात तर काय झालं असतं? मी शाळेत शिकवते, चौकीवर नाही. हे खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "चल, बघ तरी." ते स्वतःही कधी वरच्या माळापर्यंत गेले नव्हते.

वरचा माळ उघडा आहे. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. दगड होते, पण तुटक, आणि मानेपर्यंत मुरमात रुतलेले. एकाला हात घालून बघितलं, हलला सुद्धा नाही. मानवेल म्हणाला, "दगड बघू नको, गवत बघ." मग दिसलं. सगळं गवत वाळलेलं, आणि त्यात हिरवे झुबके, एकापुढे एक, गोलात. खांबांच्या खड्ड्यांत भरलेली माती अजून ओल धरते, म्हणून तिथलं गवत शेवटी सुकतं. पावसाळा संपला की थोडे दिवस ते सगळे खांब असे हिरवे होऊन उभे राहतात. एका बाजूला झुबके नव्हते, तिथे दार. दार वाऱ्याकडे पाठ करून. बाजूला दुसरा गोल, त्याला लागून एक लहानसा तिसरा. बकऱ्यांचा असेल, नाहीतर सासूचा.

मी दारातून आत गेले, चपला बाहेर काढून. का काढल्या, कुणास ठाऊक. आत जमिनीत एक चपटा दगड होता, मधे झिजून खोलगट झालेला. तिथे कुणीतरी काहीतरी वाटलं होतं, भरपूर वर्षं, रोज. त्या खोलगटात मी तळहात ठेवला आणि तो बरोबर बसला. वाटणाऱ्या बाईने मान वर केली की दारातून तिला काय दिसत असेल ते मी बसून बघितलं. खाली झाडी, पलीकडे खाडीची चमक. माझ्या दिराने हे शोधलं होतं. खोटं नव्हतं. मला इतकं रडू आलं की शिपाई दारात आला होता त्या दिवशीही तेवढं आलं नव्हतं, आणि हे माझ्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

हे सगळं लिहिताना मला वाटत होतं, लेखाच्या शेवटी माळाची वाट नीट लिहावी, म्हणजे भाऊजींचं नाव होईल. गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी कुठूनसं ऐकलं आणि मला त्या झोपड्या दाखवाच म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, भरपूर वाचन आहे, मी आनंदाने घेऊन निघाले. वाटभर मी त्यांना भाऊजींविषयी सांगत होते. वाट फुटते तिथे आलो, मी पदर खोचला, आणि काही कळायच्या आत डावीकडे वळले. बाई माझ्यामागे. ओढ्यापाशी आलो तेव्हा मी कोंडाळ्यापाशी जाऊन उभी राहिले, हात पाठीमागे बांधले आणि म्हटलं, "ही बघा."

बाईंनी चष्मा पुसला. राखेने काळ्या झालेल्या दगडांकडे बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाल्या, "काय हो, किती हजार वर्षांचं असेल हे! नुसतं उभं राहिलं तरी जाणवतं."

"जाणवतं खरं," मी म्हटलं, आणि त्यांना तिथूनच खाली घेऊन आले. चाळीच्या कोपऱ्यावर बाईंना निरोप देईपर्यंत हसू दाबून धरलं होतं. जिने चढताना ते मला आवरेना. कधी एकदा घरात शिरते आणि भाऊजींना सांगते असं झालं... दार लोटून मी "भाऊजी!" म्हणून हाक मारली सुद्धा. गॅलरीत हे एकटेच बसले होते, त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.